टपालखात्याने मान्य केलेला नाताळबाबा

जून १९४७. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळा लागलेला, आणि रॉक्सी थिएटरात नाताळचा सिनेमा: 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट'. जाहिरातीत भर होता मॉरीन ओहारा आणि जॉन पेन या नायिका-नायकाच्या जोडीवर. सांताक्लॉज झालेला दाढीवाला म्हातारा जवळपास दडवूनच ठेवलेला. ट्रेलर तर आणखी गमतीचा. स्टुडिओतला एक साहेब वैतागलेला आहे, कारण हा सिनेमा विनोदी म्हणायचा, प्रेमकथा म्हणायची की आणखी काही, हे त्याला ठरवता येत नाही. तो आवारात फिरतो, वाटेत नटनट्या भेटतात, प्रत्येक जण तोंड भरून स्तुती करतो. नाताळचा विषय कोणी काढत नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सचे सर्वेसर्वा डॅरिल झॅनक यांचा हिशेब सरळ होता: उन्हाळ्यात लोक थिएटरात जास्त येतात, मग डिसेंबरपर्यंत माल पडून कशाला ठेवायचा?

नाताळचा बाजार मांडलाय अशी तक्रार करणारा हा सिनेमा असा बाजार पाहून विकला गेला. मला त्यात ढोंग दिसत नाही. या सिनेमात श्रद्धा जिंकते असं सगळे म्हणतात, पण ती जिंकते ती व्यवहाराचा हात धरून. त्यामागचा इतिहासही तसाच आहे.

कथा व्हॅलेंटाइन डेव्हिस यांची. नाताळच्या खरेदीला गेले असताना दुकानातली रेटारेटी पाहून त्यांच्या डोक्यात आलं, की खरा सांताक्लॉज हे सगळं बघून काय म्हणेल? दिग्दर्शक जॉर्ज सीटन यांनी त्याची पटकथा केली. मेसीज या न्यूयॉर्कच्या प्रचंड दुकानात क्रिस क्रिंगल नावाचा म्हातारा सांता म्हणून नोकरीला लागतो, आणि आपण खरेच सांता आहोत असं शांतपणे सांगतो. त्याला कामावर ठेवणारी डोरिस घटस्फोटित. तिने मुलीला, सूझनला, परीकथांपासून लांब वाढवलेलं. पुढे म्हाताऱ्याला वेडा ठरवायचा खटला उभा राहतो आणि शेजारचा वकील फ्रेड त्याचं वकीलपत्र घेतो.

दुकानात सांता बसवण्याची चाल तेव्हा अर्ध्या शतकाहून जुनी होती. तिचा मान बहुतेक वेळा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावच्या जेम्स एडगर या दुकानदाराला दिला जातो. १८९० मध्ये तो स्वतःच सांताचा पोशाख चढवून दुकानात हिंडू लागला. थर्टीफोर्थ स्ट्रीटवर मेसीजची इमारत १९०२ मध्ये उघडली. १९२४ पासून थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या दिवशी मेसीजची मिरवणूक निघू लागली, आणि तिच्या शेवटी सांता. सुरुवातीला तिला नाताळची मिरवणूकच म्हणत. सांता दुकानाच्या दारी पोचला की खरेदीचा हंगाम लागला, असं समजायचं. हा हंगाम इतका महत्त्वाचा, की १९३९ मध्ये थँक्सगिव्हिंग ३० नोव्हेंबरला येतोय म्हटल्यावर खरेदीचे दिवस कमी पडतील म्हणून व्यापारी धास्तावले, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. बऱ्याच राज्यांनी ते मानलंच नाही! काही वर्षं देशात सण दोनदा झाला, आणि शेवटी १९४१ मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला.

महायुद्धात १९४२ ते १९४४ मिरवणूक बंद होती. मिरवणुकीतल्या फुग्यांचं रबर युद्धाच्या कामी गेलं. सिनेमातली मिरवणूक ही २८ नोव्हेंबर १९४६ ची खरीखुरी मिरवणूक आहे. ब्रिटिश नट एडमंड ग्वेन त्या दिवशी खरोखरच मेसीजचा सांता म्हणून रथावर बसले होते. पुन्हा घेऊ म्हणायची सोय नव्हती. मिरवणूक कुणासाठी मागे थोडीच फिरते? सूझनचं काम करणारी आठ वर्षांची नॅटली वुड ग्वेनना खरा सांताच समजत होती. शूटिंग संपल्यावरच्या पार्टीत दाढी नसलेला माणूस समोर आला, तेव्हा कुठे तिला उलगडा झाला.

मेसीजच्या जवळच गिम्बल्स हे हाडवैरी दुकान. 'मेसीज कधी गिम्बल्सला सांगतं का?' ही न्यूयॉर्ककरांच्या तोंडची म्हण होती. धंद्याचं गुपित कोणी प्रतिस्पर्ध्याला सांगत नाही, हा तिचा अर्थ. सिनेमात क्रिस नेमकं तेच मोडतो. मेसीजमध्ये नसलेलं खेळणं कुठे मिळेल, ते तो गिऱ्हाइकाला सांगून टाकतो. बायका खूश होतात, आता कायम इथेच खरेदी करू म्हणतात, आणि मालकांना कळतं की या वेडेपणात नफा आहे. मग गिम्बल्सही तेच करू लागतं. परोपकाराची लाट येते ती अशी, गल्ल्याच्या वाटेने. ही नावं वापरायला दोन्ही दुकानांची परवानगी लागणार होती. त्यांनी तयार सिनेमा पाहिला आणि मगच होकार दिला.

युद्धाची सावली एका प्रसंगात स्पष्ट दिसते. रॉटरडॅमहून आणलेली एक अनाथ मुलगी सांताच्या रांगेत येते. तिला इंग्रजी येत नाही, पण सांताला भेटायचंच आहे. दत्तक आई ओशाळून माफी मागत असते, तोच क्रिस त्या मुलीशी डच भाषेत बोलू लागतो, तिच्याबरोबर गाणं म्हणतो. १९४० च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग जाळला होता. १९४७ च्या प्रेक्षकाला ही मुलगी अनाथ का, हे सांगायची गरज नव्हती. त्या संवादाला भाषांतराच्या पट्ट्याही दिलेल्या नाहीत. सूझन बाजूला उभी राहून बघते, आणि तिच्या मनात पहिली शंका शिरते. सगळ्या सिनेमात मला हीच दोन मिनिटं सर्वांत खरी वाटतात.

खटला मात्र पक्का न्यूयॉर्की. न्यायाधीशाची निवडणूक तोंडावर, आणि त्याचा राजकीय सल्लागार त्याला बजावतो: सांता नाही असा निकाल दिलास तर खेळण्यांचे कारखानदार, दुकानदार, कामगार संघटना सगळे उलटतील. शेवटी सोडवणूक करतं टपालखातं. टपाल वेगळं करणाऱ्या एका कारकुनाच्या हाती कोर्टाच्या पत्त्यावर क्रिसला लिहिलेलं पत्र लागतं, आणि त्याला सुचतं, की सांताच्या नावाची पडून राहिलेली सगळी पत्रं तिकडेच का धाडू नयेत? जागा तरी मोकळी होईल. पोती कोर्टात येतात, न्यायाधीशाच्या टेबलावर पत्रांचा ढीग ओतला जातो, आणि तो ढिगाआडून म्हणतो, की सरकारचं खातंच या माणसाला सांताक्लॉज मानत असेल तर हे न्यायालय वाद घालणार नाही.

ही कल्पना हवेतली नव्हती. सांताच्या नावाची पत्रं अमेरिकेत वर्षानुवर्षं बेवारस टपालात जमा होत. १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी टपाल कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना त्यांना उत्तरं द्यायची मुभा दिली. हा उपक्रम 'ऑपरेशन सांता' नावाने अजून चालू आहे.

सिनेमाला तीन ऑस्कर मिळाली: ग्वेन, डेव्हिस आणि सीटन यांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गेलं त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या सिनेमाकडे. कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डीसन्सी' या संस्थेने मात्र 'मिरॅकल'ला 'ब' श्रेणी दिली, म्हणजे काही अंशी आक्षेपार्ह. कारण नायिका घटस्फोटित! आज हसू येतं, पण तेव्हा ही श्रेणी निर्मात्यांना झोंबायची.

१९९४ च्या नव्या आवृत्तीत क्रिस झाले रिचर्ड ॲटनबरो. आपल्याकडे त्यांची ओळख 'गांधी'चे दिग्दर्शक, रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा करणारे, अशी. लाल डगल्यात ते एकदम ओळखू येत नाहीत. मेसीजने या वेळी नाव द्यायला नकार दिला आणि गिम्बल्स तर १९८७ मध्येच बंद पडलं होतं, त्यामुळे दुकानांना खोटी नावं आली. टपालाची पोतीही गेली. त्याऐवजी सूझन न्यायाधीशाला एक डॉलरची नोट देते, आणि नोटेवरच्या 'आमचा देवावर विश्वास आहे' या ओळीवर निकाल लागतो. मला ती युक्ती जरा ओढूनताणून आणलेली वाटते. पहिल्यातला कारकून कुणाला काही शिकवायला जात नाही, त्याला फक्त कोपरा रिकामा करायचा असतो.

जुन्या सिनेमाच्या शेवटी सूझनला हवं तसं घर रस्त्याकडेला दिसतं, दारात 'विकणे आहे'ची पाटी. आपण खटला कसा जिंकला यावर फ्रेड खुशीत असतो. मग त्याचं लक्ष त्या रिकाम्या घरातल्या शेकोटीजवळ जातं. तिथे क्रिसची काठी टेकवून ठेवलेली असते.