शंभरात वीस की शंभरावर वीस?

कैऱ्या खारात घालायच्यात, खार २० टक्क्यांचा हवा, बरणीत पाणी दोन लिटर, म्हणजे वजनाने साधारण दोन किलो. मीठ किती? पटकन तोंडात येतं ते ४०० ग्रॅम, आणि खार तिथेच पातळ होतो. ४०० ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम पाण्यावर वीस. वीस टक्के म्हणजे शंभर ग्रॅम खारात वीस, पाणी फक्त ८०. म्हणून मीठ ५०० ग्रॅम लागतं. ४०० घातलं तर ४०० ÷ २४०० = १६.७ टक्केच होतात. वर कैरीला पाणी सुटतं, ते निराळंच.

मीठ = पाणी × टक्के ÷ (१०० − टक्के). मीठ वाटीने नको, वजनाने घ्या. जाड्या मिठाची वाटी नि बारीक मिठाची वाटी सारख्या भरत नाहीत.

१०० ग्रॅम पाण्यावर मीठ (ग्रॅम) | खारातले टक्के
१० | ९.१
२० | १६.७
३० | २३.१
३६ | २६.५

तक्ता ३६ वर थांबतो, कारण नेहमीच्या तापमानाला पुढचं मीठ तळाशी बसतं. विद्राव्यता म्हणजे शंभर ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त किती ग्रॅम विरघळतं ते. तिच्या तक्त्यातला हाच ३६ बघून मुलं 'संपृक्त (म्हणजे आणखी मीठ न विरघळणारं) द्रावण ३६ टक्के' असं लिहून येतात. तो आकडा शंभरावरचा आहे.

ओळखायची खूण सोऱ्याच्या, म्हणजे पोटॅशिअम नायट्रेटच्या, आलेखात सापडते. ६० अंश सेल्सिअसला रेघ ११० च्या आसपास असते. टक्के असते तर शंभर ओलांडले असते का? म्हणून आधी उभ्या अक्षाचं नाव वाचावं. तेच द्रावण २० अंशांपर्यंत गार केलं की विद्राव्यता ३२ वर येते, आणि ११० − ३२ = ७८ ग्रॅम स्फटिक खाली बसतात. ही वजाबाकी चालते, कारण पाणी दोन्हीकडे शंभरच ग्रॅम आहे. टक्क्यांत तेच आकडे ५२.४ आणि २४.२, त्यांतला २८.२ चा फरक म्हणजे स्फटिकांचं वजन नव्हे, कारण एकूण द्रावण बदललेलं असतं.

आता शिरोड्याच्या मिठागराकडे वळू. समुद्राचं पाणी साधारण ३.५ टक्के खारट, म्हणजे १००० किलोत ३५ किलो क्षार. हिशेबापुरतं ते सगळं मीठच धरू. ७ टक्क्यांवर यायला ५०० किलो पाणी उडावं लागतं. तिथून १४ टक्क्यांवर यायला आणखी २५० किलो पुरतं. २६.५ ला खार संपृक्त होतो, तेव्हा उरलेला असतो फक्त १३२ किलो. आडव्या अक्षावर उडालेलं पाणी आणि उभ्यावर टक्के मांडले तर रेघ आधी जवळजवळ आडवी चालते, मग एकदम उभी चढते. पहिले दोन बिंदू पट्टीने जोडून पुढे ओढलेली रेघ ८६८ किलोपाशी जेमतेम १० टक्के दाखवते, आणि वाफ्यात तोवर मिठाचे खडे दिसायला लागलेले असतात.