बहुउपयोगी ड्रेसिंगची रचना

थर बदलून किंवा कमी-जास्त करून निरनिराळ्या जखमांवर, तसेच एकाच जखमेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर वापरता येणाऱ्या जखमपट्टीला बहुउपयोगी ड्रेसिंग म्हणतात. ‘सगळ्या जखमांना चालणारी एकच पट्टी’ असा याचा अर्थ अनेकदा लावला जातो, पण तो चुकीचा आहे. पायावरच्या शिरांच्या व्रणातून (शिरांतल्या बिघाडाने झालेल्या उघड्या जखमेतून) स्राव सतत पाझरतो आणि तो ओढून घ्यावा लागतो. कोरड्या, काळ्या पडलेल्या मृत ऊतीला उलट पाणी द्यावे लागते. शोषक पट्टी कोरड्या जखमेवर ठेवली, तर ती उरलासुरला ओलावाही खेचून घेते आणि तळाला घट्ट चिकटते.

जखम उघडी ठेवून खपली धरू द्यावी, अशी समजूत फार काळ होती. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांवर प्रयोग केले. उघड्या जखमांपेक्षा प्लास्टिकच्या पातळ फिल्मखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगाने पसरते, असे त्यांना दिसले. खपली असली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढावी लागते. ओल्या पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात. आजच्या ड्रेसिंगची रचना या निरीक्षणावर उभी आहे.

ओलावा किती, हा मात्र हिशेबाचा प्रश्न आहे. निरोगी त्वचेतून दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे २०० ग्रॅम पाण्याची वाफ होते, तर मांसांकुर (जखम भरतानाची लालसर दाणेदार नवी ऊती) आलेल्या उघड्या जखमेतून सुमारे ५,००० ग्रॅम. म्हणजे १० सेंमी × १० सेंमी जखमेतून दिवसाला ५० ग्रॅम. पट्टीने यातले बरेचसे अडवावे, पण सगळे नाही. दर चौरस मीटरला दिवसाकाठी २,००० ते २,५०० ग्रॅम बाष्प जाऊ देणे हे लक्ष्य बऱ्याच रचनाकारांना सोयीचे वाटते.

व्यवहारात तीन थर धरले जातात. जखमेला टेकणारा थर सहसा सिलिकोन लावलेल्या सच्छिद्र जाळीचा असतो. छिद्रे फार बारीक असली तर दाट स्राव त्यांत अडकून खालीच साचतो. फार मोठी असली तर मांसांकुर त्यांतून वर येतात आणि पट्टी काढताना तुटून रक्त येते. साध्या कोरड्या गॉझचे नेमके हेच होते: विणीत शिरलेला स्राव वाळतो, आणि गॉझ उचलताच लालसर दाणेदार नवी ऊती धाग्यांबरोबर निघून येते. सिलिकोनची जाळी मात्र काही दिवस जागेवर ठेवून फक्त वरचा शोषक थर बदलता येतो. ‘बहुउपयोगी’ या शब्दाला अर्थ येतो तो मुख्यतः इथेच.

मधल्या थराची निवड स्रावावर ठरते. फोम पुष्कळ शोषतो, पण आडवा पसरवतो. मग जखमेभोवतालची चांगली कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली होते. जेल होणाऱ्या कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या तंतूंत स्राव उभा चढतो, त्यामुळे कडा वाचतात. समुद्री शैवालापासून काढलेल्या अल्जिनेटमधील कॅल्शियम स्रावातील सोडियमशी अदलाबदल करते आणि तंतूंचे जेल बनते. अल्जिनेटची साखळी ग्युलुरॉनिक आणि मॅन्युरॉनिक या दोन आम्लांची बनते. त्यात ग्युलुरॉनिक आम्लाचे प्रमाण अधिक असेल तर जेल घट्ट राहून एकसंध उचलता येते. मॅन्युरॉनिक अधिक असेल तर ते मऊ पडते, सलाइनने धुऊन काढावे लागते. खोल पोकळीसाठी दोरीसारखा आकार सोयीचा. ती सैल भरावी आणि किती तुकडे घातले ते लिहून ठेवावे. आत विसरलेला तुकडा जखम भरू देत नाही.

सर्वांत वर पातळ पॉलियुरेथेन फिल्म असते. ती वाफ जाऊ देते, पाणी आणि जिवाणू अडवते. पट्टी जखमेच्या कडेपलीकडे सर्व बाजूंनी किमान २ ते ३ सेंमी जावी. कोपरे गोल आणि कडा उतरत्या हव्यात, नाहीतर कपडे व चादर घासून कड गुंडाळते; माकडहाडावर तर हे हमखास होते. अ‍ॅक्रिलिक गोंदाची पकड वेळेबरोबर वाढत जाते. नाजूक त्वचेवर सिलिकोन गोंद बरा.

पट्टी दाबाविना मोकळी फुगू देऊन मोजलेली शोषणक्षमता फसवी असू शकते. युरोपीय मानक ईएन १३७२६ नुसार लिटरमागे ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट असलेले द्रावण घेतात. ५ सेंमी × ५ सेंमी नमुना स्वतःच्या वजनाच्या ४० पट द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात, ३० सेकंद टांगून निथळवतात आणि वजन करतात. पण शिरांच्या व्रणावर वरून घट्ट बँडेज येते, घोट्याशी दाब सुमारे ४० मिमी पारा असतो, आणि फोममधले पाणी पिळून पुन्हा कातडीवर उतरते. म्हणून दाबाखालचीही चाचणी घ्यावी. (पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय असे बँडेज बांधू नये.)

चाचण्या निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यावर घ्याव्यात. निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या गॅमा किरणांनी अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात. आधी भक्कम असलेली दोरी नंतर ओली होताच विरघळल्यासारखी तुटते. इथिलीन ऑक्साइड वापरले तर उरलेला वायू मोजावा लागतो.

चांदी किंवा आयोडीन ही जंतुनाशके मूळ रचनेतच पक्के बसवण्यापेक्षा बदलता येणाऱ्या थरात ठेवलेले बरे. संसर्गाची लक्षणे असतील तेव्हाच त्यांची गरज असते, आणि साधारण दोन आठवड्यांनी फेरविचार करावा लागतो. शिवाय मृत ऊती विरघळवणारे कोलॅजिनेज मलम चांदीमुळे निष्प्रभ होते.

वरची फिल्म इतकी अर्धपारदर्शक हवी की स्रावाचा डाग बाहेरून दिसेल. तो पट्टीच्या कडेपासून १ ते २ सेंमीवर पोचला की, ठरलेला दिवस यायचा असला तरी, पट्टी बदलावी.