जून महिना, फ्लोरिडा आणि अडीच सेंटिमीटर बर्फ

२४ जून २०२४. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं सनराइज हे शहर. शेजारी एव्हरग्लेड्स नावाची अफाट दलदल, कालव्यांमध्ये मगरी. जून म्हणजे तिथला पावसाळा. मुंबईत मृगाची पहिली सर येण्याआधी जो उकाडा होतो, सदरा पाठीला चिकटतो, तशी तिथली हवा. त्या रात्री त्या गावात आइस हॉकीच्या सर्वात मोठ्या चषकाचा, स्टॅनले चषकाचा, निर्णायक सातवा सामना होता. एका बाजूला यजमान फ्लोरिडा पँथर्स, दुसऱ्या बाजूला कॅनडाच्या एडमंटनचा संघ. एडमंटनला हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली जातो. पहिले तीन सामने फ्लोरिडाने जिंकले, पुढचे तीन एडमंटनने, आणि शेवटचा फ्लोरिडाने २-१ असा घेतला.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान आठवतं. ही हॉकी वेगळी. पायात स्केट्स, खाली बर्फ आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. तिला ‘पक’ म्हणतात. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी चक्क गोठवून ठेवतात. हा खेळ कॅनडात गोठलेल्या तळ्यांवर वाढला आणि १९१७ साली त्याची आजची सर्वात मोठी व्यावसायिक लीग तिथेच सुरू झाली. त्यामुळे संघ दक्षिणेकडे जाऊ लागले तेव्हा कॅनडातल्या लोकांच्या मनाला ते फार लागलं. १९९३ मध्ये मिनेसोटाचा संघ टेक्ससमधल्या डॅलसला गेला. १९९६ मध्ये कॅनडातल्या विनिपेगचा संघ ॲरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्सला गेला. पुढच्याच वर्षी हार्टफर्डचा संघ नॉर्थ कॅरोलिनात गेला. कारण पैशाचं होतं. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, विनिपेगसारख्या गावातली तिकिटं मात्र घसरत्या कॅनडी डॉलरमध्ये विकली जायची. शिवाय अमेरिकेची लोकसंख्या दक्षिणेकडे सरकत होती आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकायचे तर तिथली मोठी शहरं हवी होती.

तेव्हापासून एक वाक्य सतत ऐकू येतं: जिथे बर्फ पडत नाही तिथे हॉकी कशाला? पैशाच्या व्यवहाराबद्दल कोणी रागावलं तर ते मला समजतं. पण बर्फाच्या नावाने केलेली ही तक्रार मला पटत नाही, आणि त्याची कारणं सगळी शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत.

पहिलं म्हणजे, व्यावसायिक हॉकीचा बर्फ हिवाळ्यावर अवलंबून राहायचा थांबू लागला त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. खुद्द कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रामुळे हवा सौम्य, तळी नीट गोठत नाहीत. तिथे लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी १९११ मध्ये व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया इथे यंत्राने गोठवलेल्या बर्फाच्या रिंक, म्हणजे स्केटिंगची मैदानं, बांधल्या. कॅनडातल्या अशा त्या पहिल्याच.

आणि बर्फ बनवणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक कुठे जन्मलं? फ्लोरिडातच. ॲपलॅचिकोला या बंदरात १८४० च्या दशकात जॉन गोरी नावाचे डॉक्टर तापाचे रुग्ण तपासत होते. मलेरिया दूषित हवेने होतो असा तेव्हाचा समज होता. रुग्णाची खोली थंड ठेवावी म्हणून गोरी छताला बर्फाचं भांडं टांगत. हा बर्फ उत्तरेकडच्या तळ्यांतून कापून जहाजाने यायचा. (त्याच व्यापारात बॉस्टनकडचा बर्फ भुशात गुंडाळून आपल्या मुंबईपर्यंतही पोहोचत होता.) जहाज आलं नाही की बर्फ नाही. मग गोरींनी हवा दाबायची, दाबल्यामुळे तापलेली हवा पाण्याने थंड करायची आणि नंतर ती एकदम पसरू द्यायची अशी युक्ती केली. पसरताना हवा इतकी गार होते की जवळचं पाणी गोठतं. १८५१ मध्ये त्यांना या यंत्राचं पेटंट मिळालं. धंदा मात्र उभा राहिला नाही आणि १८५५ मध्ये ते गेले. आज वॉशिंग्टनच्या संसदभवनात फ्लोरिडाच्या वतीने त्यांचा पुतळा उभा आहे. ज्याला बर्फ आयता मिळत नाही, तोच तो बनवायचं यंत्र शोधतो. मला यात काहीच नवल वाटत नाही.

रिंकमधला बर्फ बनतो कसा, हे समजायला आपल्या घरातला आइस्क्रीमचा पॉट आठवा. लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि दंडा फिरवायला घरातली सगळी पोरं. मीठ घातलं की पाण्याचा गोठणांक खाली जातो. शून्याच्या खाली जाऊनही ते पाणी पातळच राहतं आणि डब्यातल्या दुधातली उष्णता ओढून घेतं. रिंकच्या जमिनीखाली हेच चालतं. काँक्रीटच्या थरात काही किलोमीटर लांबीच्या नळ्यांचं जाळं पुरलेलं असतं. त्यातून कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी किंवा ग्लायकॉल उणे ८-९ अंशांना फिरत राहतं. त्याला थंड करायचं काम बाहेरच्या खोलीतली यंत्रं करतात, बहुधा अमोनिया वापरून. या थराखाली उष्णतारोधक थर असतो आणि त्याच्याही खाली जमीन तापवायची सोय असते. नाही तर थंडी खाली झिरपून मातीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरची लादी उचलते.

या काँक्रीटवर पाण्याचे पातळ फवारे एकावर एक मारतात. मधल्या एका थरावर पांढरा रंग आणि रेघा येतात, त्यावर पुन्हा पाणी. ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद आणि जाडी जेमतेम अडीच सेंटिमीटर. हिशोब केला तर साधारण ४० हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडचे चारेक मोठे टँकर. पृष्ठभागाचं तापमान उणे ५ अंशांच्या आसपास लागतं. त्याहून उबदार झाला तर बर्फ मऊ पडतो, स्केटची धार रुतते, पक उड्या मारू लागतो. फार थंड झाला तर ठिसूळ होऊन कपच्या उडतात.

आता खरा प्रश्न. बाहेर ३२ अंश असताना हा पातळसा पापुद्रा टिकतो कसा? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण सगळे तापमानाकडे बघतात. बघायला हवं बाष्पाकडे.

शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा आठवतो? १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. आणि १ ग्रॅम बाष्प थंड पृष्ठभागावर येऊन त्याचं पाणी झालं तर ते जवळपास ६०० कॅलरी सोडतं. म्हणजे हवेतलं १ ग्रॅम बाष्प रिंकवर बसलं की सात ग्रॅमहून जास्त बर्फ वितळेल एवढी उष्णता तिथे ओतून जातं. उन्हाळ्यात गार पन्ह्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेव्हा पेला भिजतो एवढंच आपल्याला दिसतं. आतलं पन्हं त्याच क्षणी तापत असतं, ते दिसत नाही. रिंक म्हणजे पंधराशे चौरस मीटरचा तसा पेला.

एडमंटनच्या उणे २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १ ग्रॅम बाष्प मावतं. जूनमधल्या फ्लोरिडाच्या हवेत ते २० ग्रॅमच्या आसपास असतं. दोन शहरांतला मोठा फरक हा आहे. तापमानाच्या आकड्यांत तो पुरता दिसतच नाही.

याचा पुरावा दोन सामन्यांत आहे. २० मे १९७५ रोजी बफेलो इथे अंतिम मालिकेचा तिसरा सामना होता. बफेलो म्हणजे कॅनडाच्या सीमेवरचं, बर्फवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेलं उत्तरेचं शहर. पण त्या दिवशी उकाडा होता आणि जुन्या सभागृहात वातानुकूलन नव्हतं. दमट हवा बर्फावर येऊन थंड झाली, दवबिंदूच्या (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या) खाली गेली आणि रिंकवर दाट धुकं साचलं. गोलरक्षकाला पक दिसेना. खेळ पुन्हा पुन्हा थांबवून खेळाडूंना गोल गोल स्केटिंग करायला लावलं, धुकं विरावं म्हणून.

दुसरा सामना २७ सप्टेंबर १९९१ चा, लास व्हेगासच्या वाळवंटात, एका बड्या हॉटेलच्या आवारात, उघड्यावर. लॉस एंजेलिस विरुद्ध न्यू यॉर्क. रात्रीसुद्धा हवा २९ अंशांच्या घरात. दिव्यांकडे ओढलेले नाकतोडे बर्फावर येऊन पडत होते. तरीही सामना पूर्ण झाला, लॉस एंजेलिसने ५-२ असा जिंकला. ऊन मावळलं होतं आणि वाळवंटी हवा कोरडी होती. आणखी एक गोष्ट बर्फाच्या बाजूने होती. बंद रिंकमध्ये उबदार छत वरून सतत उष्णता प्रारित करत असतं, म्हणून बऱ्याच रिंकच्या छताला चकचकीत ॲल्युमिनियमचं आवरण लावतात. व्हेगासला वर रात्रीचं निरभ्र आकाश होतं, कुठल्याही छतापेक्षा थंड.

म्हणून फ्लोरिडात बर्फ गोठवण्याइतकीच महत्त्वाची असते ती हवा वाळवणं. त्यासाठी मोठी फिरती चाकं असतात, सिलिका जेलसारख्या पदार्थाने भरलेली. नव्या बुटांच्या खोक्यात ती छोटी पुडी असते, तेच हे. चाकाचा एक भाग हवेतलं बाष्प शोषतो, दुसरा भाग गरम हवेने वाळतो, आणि चाक फिरत राहतं. आतली हवा १६ अंशांच्या आसपास आणि घनमीटरमागे ६ ग्रॅम बाष्पापर्यंत आणायची. बाहेर २०, आत ६. दरवाजे उघडले की ही मेहनत बाहेर पळते. त्यात प्रेक्षक आले. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो आणि श्वास व घामातून तासाला ५० ग्रॅमच्या आसपास पाणी. एकोणीस हजार माणसं म्हणजे सुमारे १९०० किलोवॉट उष्णता आणि तासाला नऊशेहून जास्त लिटर पाणी, अदृश्य रूपात. ओरडणाऱ्यांचं थोडं जास्तच.

सामन्याच्या मध्यंतरात बर्फ घासून नवा करणारी ती अवजड गाडी दिसते, तीही उष्ण प्रदेशाचीच लेक. फ्रँक झांबोनी यांचा लॉस एंजेलिसजवळच्या पॅरामाउंटमध्ये बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता. घरोघरी फ्रिज आले, धंदा बसला. हाताशी गोठवणारी यंत्रं होती, म्हणून १९४० मध्ये त्यांनी रिंक उघडली. कॅलिफोर्नियाच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात ती टिकेना, मग वर छत घातलं. बर्फ गुळगुळीत करायला अनेक माणसांना तासाहून जास्त वेळ लागायचा. झांबोनींनी वर्षानुवर्षं खटपट करून १९४९ मध्ये एकाच माणसाने चालवायची गाडी बनवली. ती वरचा थर खरवडते, धुते आणि मागून गरम पाणी पसरते, ६०-७० अंशांचं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते जुन्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. आज विनिपेगच्या रिंकवरही त्याच जातीची गाडी फिरते.

अर्थात उष्ण गावात बर्फ राखण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. थंड करणारं यंत्र उष्णता नष्ट करत नाही, बाहेर नेऊन टाकतं. बाहेर जितकं गरम, तितकं ढकलणं कठीण. आदर्श यंत्राचा हिशोब सांगतो की उणे १० अंशांवरून उष्णता उचलून १० अंशांना सोडायची असेल तर १ युनिट विजेत १३ युनिट उष्णता हलवता येते. तीच ४५ अंशांना सोडायची तर ५ देखील नाही. प्रत्यक्ष यंत्रं याच्या बरीच खाली असतात. फिनिक्सच्या मे महिन्यातलं वीजबिल विनिपेगच्या जानेवारीपेक्षा जड जाणार, हे उघड आहे.

पण ॲरिझोनाचा संघ बिलामुळे गेला नाही. फिनिक्सशेजारच्या ग्लेनडेलमधलं त्यांचं स्टेडियम बहुतेक चाहत्यांपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. २००९ मध्ये दिवाळखोरी झाली. शेवटची दोन वर्षं संघ विद्यापीठाच्या पाचेक हजार खुर्च्यांच्या रिंकमध्ये खेळला. मे २०२३ मध्ये शेजारच्याच टेंपी शहराच्या मतदारांनी नवं स्टेडियम नाकारलं आणि २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. अटलांटाने तर दोन संघ गमावले, १९८० आणि २०११ मध्ये. या सगळ्यात बर्फाने कुठेच दगा दिला नाही.

ॲरिझोनात संघ राहिला नाही, पण मागे काहीतरी राहिलं. संघ आला त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेला ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलमध्ये, निवडुंगांच्या मुलखात, बर्फावर खेळायला शिकला. २०१६ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत टोरंटोने त्याला पहिला क्रमांक दिला. २०२३-२४ च्या हंगामात त्याने ६९ गोल केले. आज डॅलसजवळच्या फ्रिस्कोत किंवा नॉर्थ कॅरोलिनाच्या कॅरीत कितीतरी मराठी घरं आहेत. तिथल्या मुलांना घराजवळच्या रिंकमध्ये काही विसंगत आहे असं वाटतच नसेल.

इकडे उत्तरेत मात्र नैसर्गिक बर्फाचं आयुष्य घटतं आहे. ओटावा शहरातला रिडो कालवा दर हिवाळ्यात गोठतो आणि त्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट उघडते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा हा शिरस्ता. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झालाच नाही, आणि ती वाट पहिल्यांदाच एकही दिवस उघडली नाही. टोरंटोत मात्र पन्नासहून जास्त उघड्या रिंक महापालिका चालवते, आणि त्यांच्या बर्फाखाली थंड नळ्या टाकलेल्या आहेत.