सागरी निक्षेप : हवामान, समुद्रपातळी आणि तापीचा गाळ

समुद्रतळावर थराथराने साचलेल्या गाळाला सागरी निक्षेप म्हणतात. नद्यांनी आणलेली माती-वाळू, वाऱ्याने आलेली धूळ आणि समुद्रातल्याच सूक्ष्म जीवांची कवचे हे त्याचे मुख्य घटक. गाळ किती येणार हे बहुतांशी हवामान ठरवते. तो कोठे बसणार हे समुद्राच्या पातळीवर अवलंबून असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून होणाऱ्या खान्देशाला किनारा नाही. तरीही पूर्व अरबी समुद्राच्या तळाचा विचार खान्देश सोडून करता येत नाही, कारण खंबायतच्या आखातापुढचा बराचसा गाळ नर्मदा आणि तापी यांनीच नेलेला आहे.

तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किमी वाहून सुरतेच्या खाली आखाताला मिळते. वाटेत वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई या खान्देशातल्या नद्या तिला येऊन मिळतात. खोऱ्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाचा. हा खडक कुजून जी काळी माती होते तिच्यात स्मेक्टाइट हे चिकणखनिज भरपूर असते. वैशाखात कपाशीच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात, ती करामत याच खनिजाची. खंबायतपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर हेच स्मेक्टाइट जास्त आढळते. सौराष्ट्रापुढे मात्र सिंधू नदीने आणलेले इलाइट हे दुसरे चिकणखनिज वाढते. त्यामुळे चिकणमातीवरून गाळाचे माहेर ओळखता येते. खाऱ्या पाण्यात शिरताच मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, म्हणून गाळाचा मोठा भाग मुखाजवळच खाली बसतो.

पाऊस जास्त तर गाळ जास्त, हा सोपा हिशेब येथे चालत नाही. सतत पाऊस असलेल्या प्रदेशात गवत आणि झाडोरा माती धरून ठेवतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या खान्देशात आठ महिने जमीन उघडी, आणि मग थोड्या दिवसांत कोसळणारा पाऊस. वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा पुराचे मोजके दिवसच वाहून नेतात. १९६८ आणि २००६ मध्ये सुरत बुडवणारे तापीचे पूर असेच होते.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना जगभरचे पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती. मुंबई-खंबायतपुढची सागरमग्न खंडभूमी, म्हणजे किनाऱ्यापुढचा उथळ समुद्रतळ, काही ठिकाणी ३०० किमीपर्यंत रुंद आहे. तिचा बराच भाग तेव्हा कोरडा पडला आणि नद्यांची मुखे पश्चिमेला दूर सरकली. तेव्हाचा मॉन्सूनही दुबळा होता. पुढे बर्फ वितळले, मॉन्सूनने जोर धरला आणि समुद्र पूर्वेकडे चढत आला. पातळी आजच्या आसपास स्थिरावली ती साधारण ७,००० ते ६,००० वर्षांपूर्वी. तेव्हापासून तापीचा गाळ आखातात आणि किनाऱ्यालगत अडकून राहतो. खंडभूमीच्या बाहेरच्या भागापर्यंत तो फारसा पोहोचत नाही. म्हणूनच तेथे जुनी चुनखडी वाळू आजही उघडी पडलेली आहे. तिच्यातले गोल कण उबदार, उथळ, घुसळत्या पाण्यातच तयार होतात. आज ते कित्येक मीटर खोल पाण्याखाली आहेत, एवढ्यावरूनच जुना किनारा कोठे होता याचा माग लागतो.

थरांचे वाचन मुख्यतः फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांवरून होते. ऑक्सिजनचे अणू हलके आणि जड अशा दोन्ही प्रकारचे असतात. हलक्या ऑक्सिजनचे पाणी आधी वाफ होते आणि बर्फात साठते. त्यामुळे हिमयुगातल्या कवचांत जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले दिसते. पण किनाऱ्याजवळ ही खूण फसवी ठरू शकते. नद्यांचे गोडे पाणी वाढले तरी जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते, आणि पाण्याच्या तापमानाचाही त्यावर परिणाम असतो. म्हणून कवचातल्या मॅग्नेशियमवरून तापमान वेगळे काढावे लागते. एकाच आकड्यावर मॉन्सूनचा इतिहास रचणे धाडसाचे आहे.

खोल समुद्रात साचण्याचा वेग फार मंद असतो. जीवकवचांचा चिखल हजार वर्षांत काही सेंटीमीटर वाढतो, तर लाल चिकणमाती काही मिलिमीटरच. २०१५ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी द्रोणीत, म्हणजे समुद्रतळावरच्या एका खोलगट भागात, जॉइडिस रिझोल्युशन या संशोधन जहाजाने एक किलोमीटरहून खोल छिद्र घेतले. तेथे सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी उतारावरून कोसळलेल्या गाळाची प्रचंड रास सापडली. ती ना हवामानाचे पुस्तक, ना समुद्रपातळीचे. एका झटक्यात घसरलेला डोंगरच तो.

याहून जुना पुरावा सातपुड्यापलीकडे आहे. नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघजवळ, ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी जग उबदार आणि समुद्र उंच असताना, समुद्र आत शिरला होता. तळाशी निमाड वालुकाश्म आणि त्यावर चुनखडक, हा क्रम चढत्या समुद्राचाच. वरच्या चुनखडकाला रूढीने प्रवाळी म्हणतात, पण त्यात प्रवाळापेक्षा ब्रायोझोआ हे जीव अधिक. खान्देशात असे थर असलेच तर ते बेसाल्टखाली दडलेले असणार.

गेल्या काही दशकांत या हिशेबात धरणांची भर पडली आहे. गिरणा, हतनूर आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई ही धरणे गाळ वाटेतच अडवतात. पाणी ओसरले की धरणांच्या बुडित क्षेत्रात लोक त्याच गाळावर पेरणी, म्हणजे गाळपेर करतात. समुद्राची पातळी पुन्हा चढत असताना मुखाशी येणारा गाळ मात्र घटला आहे, त्यामुळे या काळाच्या थरात हवामानाचा भाग कोणता आणि धरणांचा कोणता हे वेगळे करणे अवघड जाणार आहे.