किडनी बदललेल्या स्त्रिया, एचपीव्ही आणि धाराशिवचा अभ्यास

किडनी बदलल्यावर विषाणू साधारण ठरलेल्या क्रमाने डोकं वर काढतात. पहिल्या काही महिन्यांत सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), पुढे बीके हा विषाणू, आणि नागीण कधीही. सीएमव्ही आणि बीकेच्या रक्ततपासण्या ओपीडीच्या कागदावर असतात, कारण हे विषाणू थेट नव्या किडनीवर किंवा जिवावर उठतात. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू, किडनीला काही करत नाही. तो गर्भाशयाच्या मुखाशी वर्षानुवर्षं मुकाट राहतो, म्हणून त्याच्याकडे बघायचं राहून जातं.

भारतातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण 1971 मध्ये वेल्लोरला झालं. बीके विषाणूची पहिली नोंदही त्याच वर्षीची. 1990 च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली, किडनी नाकारली जाण्याचं प्रमाण उतरलं आणि बीकेमुळे किडनी खराब झाल्याच्या नोंदी वाढल्या. बीकेवर आजही खात्रीचं औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डोस कमी करणं हाच मुख्य उपाय. याच गोळ्या एचपीव्हीलाही मोकळं रान देतात. एरवी बहुतेक स्त्रियांचं शरीर हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत हटवतं. प्रत्यारोपणानंतर तो ठाण मांडतो आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट ते चौपट होतो. बाह्य जननेंद्रियाच्या कर्करोगाचा धोका तर त्याहून जास्त वाढतो.

या विषाणूच्या तपासणीचा जगभर दाखला दिला जाणारा अभ्यास मराठवाड्यातच झाला, हे इथे फारसं कुणी बोलत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांची, गावांच्या 52 समूहांतून, चार गटांत विभागणी झाली. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी), तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाची तपासणी केली नाही. ती कुठे करून घेता येईल एवढंच सांगितलं. 2009 मध्ये निष्कर्ष आले. सुमारे आठ वर्षांत एचपीव्ही गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, चौथ्या गटात 64.

वाद या चौथ्या गटावरून पेटला. अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी की देशात तेव्हा नियमित तपासणी कुठेच नव्हती. या बायकांना जे एरवी मिळालं असतं तेच मिळालं, आणि तुलनेला गट नसता तर चाचणीचा उपयोग सिद्धच झाला नसता. हे म्हणणं पोकळ नाही. पण पॅप तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं माहीत होतं. आरोग्यसेवा पोचलेली नाही, या कारणावरूनच कळंब-भूमकडच्या बाईला विनातपासणीच्या गटात ठेवणं कसं समर्थनीय ठरतं? तो निर्णय मला आजही पटत नाही. निदान त्यातून मिळालेलं ज्ञान तरी याच भागात पुरतं वापरलं जायला हवं होतं.

एचपीव्हीच्या लसीचंही तसंच झालं. शेजारच्या बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांवर मुलींमध्ये दोन आणि तीन डोसांची तुलना चालू होती. 2010 मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागलं. एकच डोस मिळालेल्या मुलींनाही दहा वर्षांनंतर जवळपास तेवढंच संरक्षण होतं, हे 2021 मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी जागतिक पातळीवर एका डोसाला मान्यता मिळाली. मात्र प्रतिकारशक्ती दाबलेल्या स्त्रीला एक डोस पुरत नाही. तिला शक्यतो तीन लागतात, आणि प्रत्यारोपणानंतर लसीचा जोर कमी पडतो.

मुळात किडनी मिळणाऱ्यांत स्त्रिया थोड्या, पाचांत जेमतेम एक; देणाऱ्यांत मात्र आई आणि बायकोच पुढे. संख्या कमी म्हणून त्यांचे प्रश्नही मागे पडतात. त्यात बीडकडचा आणखी एक गुंता. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया 2019 मध्ये गाजल्या, सरकारी समितीही बसली. अशी एखादी बाई प्रत्यारोपणानंतर तपासायला आली आणि केसपेपरवर ‘पिशवी काढलेली’ असं दिसलं, तर पुढची तपासणी सोडून देणं चूक आहे. योनीमार्ग आणि बाहेरचा भाग तिथेच असतो, एचपीव्ही तिथेही वाढतो.

प्रत्यारोपणाआधी डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास बसणारी बाई त्या काळात आरोग्यव्यवस्थेच्या समोरच असते. गर्भाशयमुखाची तपासणी आणि वयात बसत असेल तर लस, दोन्ही तेव्हाच उरकता येतात.