तळं आंबू देऊ नका
(साखर कारखान्यांच्या सांडपाणी विभागासाठी)

आम्हाला फोन येतात ते बहुतेक गाळप सुरू होऊन दहा-पंधरा दिवस झाल्यावर. "तळ्याला घाण वास सुटलाय, काय पावडर टाकू?" अशी पावडर आमच्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर लागतही नाही.

हवाबंद प्रक्रियेच्या खोल तळ्यात जिवाणूंच्या दोन टोळ्या राबतात. पहिली साखरेचं आम्ल करते, ती चपळ. दुसरी त्या आम्लाचा मिथेन करते. ती संथ, आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) साधारण ६.८ ते ७.४ असला तरच नीट चालते. पहिल्याच आठवड्यात सांडपाण्याचा पूर्ण भार सोडला की आम्ल साठतं, सामू पडतो, दुसरी टोळी हात आखडते. झालं, तळं आंबलं.

म्हणून बॉयलर पेटण्याच्या महिनाभर आधी शेणकाला सोडा. चालू गोबरगॅसची स्लरी मिळाली तर त्याहून बरं. मग पाव भारापासून चढत जा. सामू रोज मोजा. साडेसहाच्या खाली गेला तर आवक तळ्याआधीच्या समतोल टाकीत अडवा आणि चुन्याची निवळी थोडी थोडी द्या. आपल्या पाण्यात साखर भरपूर, पण जिवाणूंना लागणारं नत्र-स्फुरद नावापुरतं, युरिया-डीएपी त्यासाठीच. बॉइलिंग हाऊसच्या धुण्याचं कॉस्टिक मात्र वेगळं साठवा, एका झटक्यात तळ्यात नको.

मलेशियातल्या पामतेल गिरण्यांचं सांडपाणी आपल्यापेक्षा कितीतरी जड: बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला २५,००० मिलिग्रॅमच्या आसपास, आंबट, वर ८०-९० अंश तापलेलं. तरी ते थंड करून अशाच तळ्यांच्या रांगेतून काढतात, कारण हवाबंद तळ्यांत त्याला महिना-दीड महिना मुक्काम मिळतो. आपल्याकडे तळं गाळाने अर्धं भरलेलं असतं. म्हणजे मुक्काम निम्मा, आणि बोल मात्र जिवाणूंना!

एवढं करूनही शेतीला सोडण्यासाठीची १०० मिलिग्रॅमची बीओडी मर्यादा एकटं तळं गाठत नाही. पुढे एअरेशन, म्हणजे पाण्यात हवा खेळवणं, लागतंच. तळ्यावर धरलेली साय मोडू नका, ती वास आणि ऊब दोन्ही धरून ठेवते.

गाळ काढायला माणूस आत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो, आणि तोच जीव घेतो. काठावर विडी-काडीही नको. गाळ पंपानेच काढायचा. तो किती साठलाय हे काठावरून बांबू टाकून मोजून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. फक्त दिवाळीआधी कळवा.