गोदावरीच्या उगमाशी कोळसा का नाही?

नाशिकरोडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की ओढा येता येता एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. तिथे कोळसा भरलेल्या वाघिणींची लांबच लांब रांग बऱ्याचदा उभी असते. यातला बराचसा कोळसा विदर्भातून येतो. चंद्रपूरकडच्या खाणी वर्धा नदीच्या खोऱ्यात आहेत. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघी मिळून प्राणहिता होतात आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत येते. म्हणजे गोदावरीच्याच खोऱ्यातला कोळसा सुमारे सातशे किलोमीटर रेल्वेने उलटा आणायचा आणि गोदावरीच्याच काठावर जाळायचा, असा हा प्रवास आहे.

लागतो तरी किती? एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर पूर्ण क्षमतेने चालणारा एक संच तासाला जवळजवळ १५० टन कोळसा खातो. एका वाघिणीत ६० टनांच्या आसपास कोळसा मावतो. तीनही संच चालू असतील तर दर तासाला सात वाघिणी रिकाम्या होतात. आपण पंखा लावून दुपारची झोप काढतो, तेवढ्यात चौदा वाघिणींची राख झालेली असते.

हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा इथेच खणून कोळसा का काढत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. जगात ऊर्जेची साधनं कुठे सापडतात आणि कुठे सापडत नाहीत, याचं मर्म मला तरी या एका प्रश्नात दिसतं.

माझ्या टेबलावर दोन दगड आहेत. एक आमच्या विहिरीच्या खोदाईत निघालेला काळा पाषाण, दुसरा चंद्रपूरच्या मित्राने दिलेला कोळसा. आकाराने सारखे, पण पाषाण हाताला दुप्पट जड लागतो. कोळसा आडवा धरून उन्हात फिरवला की त्यात पट्टे दिसतात; एक चकचकीत, एक मळकट, पुन्हा एक चकचकीत. चकचकीत पट्टा हे मुख्यतः जुन्या झाडांचं लाकूड. मळकट पट्ट्यात पालापाचोळ्याचा चुरा असतो, आणि त्याबरोबर पाण्याने वाहून आणलेली माती. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख निघते ती या मातीमुळे. आता नव्या इमारतींच्या भिंतींत राखेच्या विटा दिसतात, त्या विटांत ही पुराणकाळातल्या नद्यांची माती आहे.

ही झाडं वाढली २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिका हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होते. सखल दलदलीत ग्लोसोप्टेरिस जातीची झाडं पडत गेली, गाळाखाली दबत गेली. म्हणूनच रानीगंज, झरिया, चंद्रपूर इथल्या कोळशाची सख्खी भावंडं ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यात याच ग्लोसोप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले. जीव जात असताना त्या माणसांनी ते ओझं टाकून दिलं नाही, हे वाचलं की माझा हात नकळत टेबलावरच्या कोळशाकडे जातो.

आपला काळा पाषाण मात्र बराच अलीकडचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा पसरत राहिला, थरावर थर चढले. ब्रह्मगिरी, अंजनेरी, चांदवडचे डोंगर आणि पांडवलेणी ज्यात कोरली तो कातळ, सगळा हाच बेसाल्ट. त्यात झाडांचं काहीच नाही, त्यामुळे जळण्यासारखंही काही नाही. मग त्याच्या खाली कोळसा दडला असेल का? वर्ध्याच्या खोऱ्यात काही ठिकाणी कोळशाचे थर खरोखरच बेसाल्टखाली शिरलेले आहेत. पण कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. मधे गाळाचा खडकच नव्हता. ज्या जागी त्या काळी दलदल नव्हती, गाळ साचत नव्हता, तिथे कितीही खोल गेलं तरी कोळसा लागणार नाही.

आता गोदावरीबरोबर खाली उतरून पाहा. महाराष्ट्र ओलांडता ओलांडता बेसाल्ट संपतो, गोंडवन काळातला गाळाचा खडक उघडा पडतो आणि कोळसा सुरू होतो. तेलंगणात येल्लंदूजवळ १८७१ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम किंग यांना तो सापडला. आजच्या सिंगरेणीच्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. त्याहून पुढे, नदी समुद्राला मिळते तिथे नैसर्गिक वायू आहे. नद्यांनी लाखो वर्षं ओतलेला गाळ बंगालच्या उपसागरात साचला, त्यातल्या सेंद्रिय द्रव्याचा वायू झाला आणि वाळूच्या थरांत अडकून राहिला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला खोल समुद्रातला मोठा साठा २००२ मध्ये सापडला. एकाच नदीच्या काठाने १,४६५ किलोमीटर चाललं, तर जगाच्या ऊर्जा-नकाशाचा बराचसा भाग पायाखालून जातो.

खनिज तेलाचं गणित कोळशापेक्षा नाजूक आहे. उथळ समुद्रात सूक्ष्म जीवांचा गाळ साचायला हवा, तो योग्य तेवढा तापायला हवा, तयार झालेलं तेल मुरायला सच्छिद्र खडक हवा आणि ते निसटू नये म्हणून वर घट्ट झाकण हवं. अरबस्तानात हे सगळं जुळून आलं. टेथिस नावाच्या जुन्या समुद्राचा गाळ, जाड चुनखडक, वर क्षारांचं झाकण. सौदी अरेबियातलं घवार हे तेलक्षेत्र एकटंच सुमारे २८० किलोमीटर लांब आहे, म्हणजे नाशिकपासून पुण्याच्याही पुढे! साठ्यांच्या आकड्यात व्हेनेझुएला सौदीच्याही वर आहे. त्यांच्याकडे ३०,००० कोटी पिंपांहून जास्त तेल असल्याचं मानलं जातं, पण ते डांबरासारखं घट्ट आहे आणि काढायला महाग पडतं. साठा आणि उपसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बातम्या वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

आपल्याकडे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फिरत्या मंचाने 'मुंबई हाय'चं तेल शोधलं. तरीही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. मुंबईत शुद्ध झालेलं पेट्रोल-डिझेल जमिनीखालच्या पाइपलाइनने घाट चढून मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि तिथून टँकरने आपल्या पंपांवर. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी काम थांबवलं, तेव्हा नाशिकच्या पंपांवर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. जगाच्या एकूण तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा ज्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो, ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. पानेवाडी दोन दिवस थांबली तर काय होतं ते आपण पाहिलं. त्यावरून होर्मुझचा अंदाज करावा. जगातला सर्वांत मोठा वायूसाठाही तिथेच, इराण आणि कतारच्या मधल्या समुद्राखाली आहे. कतारचा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात, मग तो जहाजातून गुजरातेत दहेजला उतरतो.

युरेनियमचं थोडक्यात सांगतो. सर्वांत मोठे साठे ऑस्ट्रेलियात, सर्वाधिक उत्पादन कझाकस्तानात, सर्वांत कसदार खाणी कॅनडात. आपल्याकडे झारखंडातलं जादुगुडा आणि आंध्रातलं तुम्मलपल्ली. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत थोरियम भरपूर आहे, पण त्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रांपर्यंत अजून मजल गेलेली नाही.

पुन्हा आपल्या काळ्या पाषाणाकडे येऊ. आइसलँड हा देश जवळजवळ सगळा बेसाल्टचाच आहे, आणि तिथली दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेने ऊबदार राहतात. खडक तोच, मग सह्याद्रीत तसं का होत नाही? वयामुळे. आइसलँडखाली लाव्हा आजही उसळतो आहे, आपला ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझला. जिथे पृथ्वीचं कवच फाटतं आहे किंवा एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो आहे, तिथे ही उष्णता हाती लागते: केनिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, इटली. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पहिल्यांदा पाच दिवे लागले. भारतात त्यातल्या त्यात आशा आहे ती लडाखच्या पुगा खोऱ्यात.

या कातळाने आपल्याला दिली ती उंची. इगतपुरीच्या पलीकडे घाटमाथा एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. पाणी आणि उतार एकत्र असतील तिथे जलविद्युत होते; नॉर्वेची जवळजवळ नव्वद टक्के वीज अशीच बनते, आणि चीनच्या 'थ्री गॉर्जेस' धरणाची क्षमता २२,५०० मेगावॉट आहे. पण पाण्यात ऊर्जा किती विरळ असते, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी ४०० मीटर उंचीवरून खाली सोडली, तर हाती येते साधारण एक युनिट वीज. एवढ्याच विजेला मूठ-दोन मुठी कोळसा पुरतो. लिटरभर डिझेलमध्ये तर दहा युनिटांएवढी उष्णता असते. जमिनीखालच्या इंधनांनी जगाला इतकं बांधून का ठेवलं, ते या तुलनेतून समजतं.

ऊन मात्र वाटून आलेलं आहे. चिलीचं अटाकामा वाळवंट, सहारा, आपलं राजस्थान हे त्यातले श्रीमंत प्रदेश. तरी आपणही गरीब नाही. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतात. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या एकाच तालुक्यात आहेत. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या बांधावर सौर पंपांचे निळे पॅनल आता सर्रास दिसतात. थंडीच्या दिवसांत रात्री दोनला बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून मोटार चालू करायला जाणं ज्यांनी सोसलंय, त्यांना दिवसा पाणी देता येण्याचं मोल विचारावं. यातही खनिजांचा नकाशा सुटत नाही, हेही खरं. जगातले ८० टक्क्यांहून अधिक सौर पॅनल चीनमध्ये बनतात, बॅटरीचं लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीतून येतं, कोबाल्ट मुख्यतः काँगोतून.

आणि सूर्य संध्याकाळी मावळतो, नेमके तेव्हाच घरोघर दिवे लागतात. दुपारची वीज ठेवायची कुठे? भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर आहे. तिथे प्रवरेचं पाणी माथ्यावर अडवलंय, दुसरं धरण खाली शहापूरच्या बाजूला आहे आणि मधे सुमारे ४०० मीटरचा कडा. डोंगराच्या पोटातलं २५० मेगावॉटचं केंद्र मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करतं आणि मागणी उतरली की तेच पाणी वर चढवतं. चढवायला १०० युनिट लागले, तर परत ७५-८० मिळतात. औष्णिक केंद्रांची रात्रीची जास्तीची वीज वापरता यावी म्हणून अशी केंद्रं बांधली गेली. आता दुपारी सौर वीज उरू लागली, की पाणी दुपारी वर जाईल आणि संध्याकाळी सातला खाली येईल. प्रवरा पुढे नेवाशाकडे गोदावरीला मिळते, आणि तो कडाही टेबलावरच्या दगडासारखाच, काळ्या पाषाणाचा.